घड्याळ परातीने उठले नाही

बेंगळुरूहून परतल्यापासून माझ्या कानावर एकाच सकाळच्या तीन हकिकती आल्या आहेत. येलहंक्याचे शंकरराव सांगतात की माझे बंद पडलेले सौरघड्याळ त्यांच्या परातीमुळे पुन्हा चालू झाले. मिहिर नावाचा पुणेकर तरुण आपल्या संग्राहक मित्रांना सांगतो की ते त्याच्या परातीमुळे झाले. आणि तेथले जुन्या घड्याळांचे प्रदर्शन पाहून आलेले एक गृहस्थ मिरजेत चारचौघांत सांगून गेले की मास्तरांचे घड्याळ चालत होते खरे, पण वेळ साफ चुकीची दाखवत होते. तिघेही सज्जन आहेत आणि तिघांचेही म्हणणे खोटे ठरावे इतके चुकीचे आहे. मी तेथे होतो, घड्याळ माझे होते आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. तेव्हा जे घडले ते ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहितो.

ज्यांनी अशी घड्याळे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. उन्हावर चालणाऱ्या जुन्या मनगटी घड्याळाच्या तोंडावर काटे नसतात; आकड्यांची चौकट असते आणि तिच्याशेजारी काळसर निळ्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर उजेड पडला की वीज होते, ती आतल्या चिमुकल्या सेलात साठते आणि अंधारात घड्याळ त्या साठ्यावर चालते. वर्षे गेली की साठा आटत जातो. मग बहुतेक संग्राहक मागचे झाकण काढून नवा सेल घालतात आणि घड्याळ वाचवल्याचे समाधान मानतात. मी तसे करत नाही. माझ्या संग्रहातले एकही घड्याळ माझ्याकडे आल्यावर उघडले गेलेले नाही. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारनंतर पश्चिमेच्या, असा त्यांचा दिनक्रम आहे आणि तो मी स्वतः सांभाळतो.

त्यांतले पहिले घड्याळ माझे धाकटे बंधू वसंत यांनी दिलेले. ते बोटीवर इंजिनिअर होते. ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधताना म्हणाले होते, "दादा, याला कधी सेल घालावा लागणार नाही." वेळही त्यांनीच लावली. पुढे वसंत गेले. घड्याळ हळूहळू पुढे धावू लागले; मी ते दुरुस्त केले नाही. घरात कोणी त्यात वेळ पाहिली की मनातल्या मनात वजाबाकी करतो. आमच्याकडे ती सवय सुनांनाही लागली आहे.

दिवसाउजेडी प्रवास

मिरजेहून बेंगळुरूला जाणारा शहाणा माणूस संध्याकाळी गाडीत बसतो आणि सकाळी उतरतो. मी हुबळीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली, कारण माझ्यासोबतच्या मंडळींना उजेड हवा होता. पारदर्शक झाकणाची पेटी मांडीवर, आत सगळी घड्याळे तोंड वर करून. जागा मात्र उन्हाच्या बाजूची मिळाली नव्हती. समोरच्या दावणगेऱ्याच्या व्यापाऱ्याला मी खिडकी मागितली. त्याने पेटीकडे पाहिले.

"इनको भी खिड़की चाहिए?"

"हो," मी म्हणालो. "यांना तिकीट लागत नाही. ऊन लागते."

तो हसला आणि उठला. पुढे प्रत्येक स्टेशनावर तो डब्यातल्या माणसांना पेटीवर सावली पडू नये म्हणून दटावत होता. दावणगेऱ्याला उतरताना त्याने माझा नव्हे, पेटीचा निरोप घेतला.

येलहंक्याला शंकररावांकडे उतरलो. हे माझ्या पत्नीचे मावसभाऊ. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तेथेच आहे. खाली स्टीलच्या भांड्यांचे दुकान, वर घर आणि त्यावर गच्ची. शहर आता त्यांच्या दारावरून पुढे निघून गेले आहे, पण जुन्या पेठेत अजून सगळे त्यांना शंकरअण्णा म्हणून ओळखतात. त्यांचे मराठी माझ्या कानाला आधी बोचते आणि दुसऱ्या दिवशी गोड लागते.

"या दाजी, या. स्वल्प दमलासा दिसता. ह्या पेटीत काय, लाडू?"

"घड्याळे."

"सरी, बरं. मग लाडू आम्हीच देतो."

त्यांच्या पत्नी गौरक्का यांनी तव्यावर थापलेली अक्की रोट्टी वाढली. आपल्या तांदळाच्या भाकरीची ही बहीणच, पण अंगात कांदा, मिरची आणि शेपू घेऊन आलेली. कोशिंबीर म्हणून भिजवलेली मूगडाळ होती, वर ओले खोबरे. आमच्याकडे कोशिंबिरीत दाण्याचे कूट पडले नाही तर जेवणारा मान वर करून पाहतो. येथे कूट मागितले तर वाढणारी पाहते. मी मागितले, आणि तसे झालेही.

पीण्या

प्रदर्शन रविवारी होते. मांडणीसाठी शुक्रवारी बोलावले होते. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली होती. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रशाळांच्या गर्दीत एक रिकामी शेड, छतात काचेच्या तिरप्या ओळी. आजूबाजूला लेथ फिरत होते, पत्र्यावर घण पडत होते, हवेत तेलाचा वास होता. घड्याळांना सभागृहापेक्षा हे बरे. सभागृहात पंख्याखाली भाषणे होतात आणि उजेड मात्र नसतो.

दोन लांब टेबले होती. एकावर पाटी, 'मूळ अवस्थेत'. दुसऱ्यावर, 'आतील भाग बदललेले'. मी माझी पेटी पहिल्या टेबलावर उघडली. मांडणीचे काम मिहिरकडे होते. मूळचा पुण्याचा, बेंगळुरूत संगणकाच्या कंपनीत नोकरी, डोळ्याला भिंग लावलेले. त्याने माझी बाकीची घड्याळे पटापट पाहिली. वसंतांच्या घड्याळाशी थांबला. बराच वेळ थांबला.

"काका, राग मानू नका. पण हे पलीकडच्या टेबलावर जाईल."

"कारण?"

"डिजिट्स बघा ना किती डार्क आहेत. एवढ्या जुन्या सेलवर असे आकडे येतच नाहीत. आत कोणीतरी साधा बटण सेल घातलाय."

"हे घड्याळ कधी उघडलेले नाही."

"तुम्ही नसेल उघडलं. तुमच्या आधी कोणी तरी..."

"माझ्या आधी ते फक्त माझ्या भावाच्या हातात होते."

त्याने आपले म्हणणे मागे घेतले नाही. "मग उघडून बघू," तो म्हणाला. "माझ्याकडे टूल आहे. दोन मिनिटांत..."

मी त्याचा हात बाजूला केला. झाकण उघडले की आतली रबरी कडी तुटते आणि मग ते घड्याळ न उघडलेले राहत नाही. म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा काढायचा तीच गोष्ट पुराव्यात खर्ची पडते. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मग मी पाटी कशी लावू, काका? नुसत्या शब्दावर?"

आता यापुढचे नीट वाचावे, कारण येथे आणखी एक अफवा उगवली. प्रदर्शनाच्या मंडळींनी माझी कसोटी घेतली असे बोलले जाते. तसे नाही. कसोटी मी मागितली. "साधा सेल असेल तर अंधारात चालेल ना?" मी विचारले.

"वर्षभर चालेल."

"नवा साठवणीचा सेल असेल तर?"

"तरी काही महिने."

"आणि जुना, मूळचा असेल तर?"

"दिवसभरात बंद पडेल. पण काका," आणि हे बोलताना त्याने भिंग काढून हातात घेतले, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो, "तसं करू नका. इतका जुना सेल पूर्ण उतरला तर परत कधी उठत नाही. मी माझी तीन घड्याळं अशी घालवलीत. पाटी दुसरी लावू, काय फरक पडतो?"

फरक पडतो. दुसऱ्या पाटीखाली घड्याळ ठेवणे म्हणजे वसंतांनी मला खोटे सांगितले असे मी स्वतःच्या हाताने लिहून देण्यासारखे होते. मी शंकररावांना फोन केला. ते दुकान सोडून कडी आणि कोयंडा असलेला स्टीलचा डबा घेऊन आले. घड्याळ मऊ कापडात गुंडाळून मी आत ठेवले. मिहिरने कुलूप लावले. किल्ली त्याच्याकडे, डबा माझ्याकडे. रविवारी सकाळी येलहंक्याला येऊन तो उघडणार. शंकरराव एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत होते.

"दाजी, हे नक्की ना?"

"कुलूप लागले आहे, शंकरराव."

देवनहळ्ळी

शनिवारी आकाश असे निरभ्र निघाले की मला त्याचा राग आला. रोजच्या वेळी जाग आली, हात पेटीकडे गेला आणि पेटी पीण्यात आहे हे आठवले. डबा गौरक्कांनी देवघरात ठेवला होता. मी तो उचलून कानाला लावला. असल्या घड्याळाला आवाज नसतो हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. तरी लावला.

गौरक्का दारातून म्हणाल्या, "दाजी, घरात बसलात तर डबा फोडाल. देवनहळ्ळीचा किल्ला पाहून या."

बसने गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना नव्या वसाहतींच्या कमानी उभ्या होत्या. कमानीच्या आत अजून घर नाही, फक्त आखलेले रस्ते आणि मध्येच एखादा द्राक्षाचा मांडव, ज्याचा मालक बहुधा अजून विक्रीच्या कागदावर सही करायला तयार नसावा. मला तो माणूस न पाहताच आवडला. किल्ला बुटका आणि भक्कम आहे. आमच्याकडचे किल्ले डोंगरावर बसून खाली पाहतात. हा सपाटीवर उभा राहून समोर पाहतो. आतमध्ये लोकवस्ती आहे. बुरुजाच्या आतल्या अंगाला कोणी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्या कडक उन्हात लखलखत होत्या. त्या मिरच्यांचा मला हेवा वाटला.

वेशीजवळ एक बाई पपनसे विकत होती. तेथे त्यांना चकोत म्हणतात आणि गावाला त्यांचा मोठा अभिमान आहे. मी सांगितले की आमच्याकडेही पपनस होते. तिने मोडक्या हिंदीत विचारले, "इतना मीठा?" मी एक फोड खाल्ली. आमचे कडवट असते. तरी मी, "आमचे वेगळे असते," एवढेच म्हणालो. ती हसली आणि दुसरी फोड पुढे केली.

परतीच्या बसमध्ये विमानतळावरून उठणारी विमाने दिसत होती. वसंत सुट्टीवर येत तेव्हा मुंबईहून रेल्वेने येत आणि उतरताच आधी माझे मनगट पाहत. मिहिरचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला असता तर तो किल्ली घेऊन लगेच आला असता, याविषयी मला आज शंका नाही. बस येलहंक्यात शिरेपर्यंत फोन माझ्या हातात होता. मी तो खिशात ठेवला.

येलहंक्याची गच्ची

रविवारी आभाळ भरून आले. पाऊस नाही, वारा नाही. नुसते राखाडी झाकण, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. बेंगळुरूचे लोक अशा हवेचे कौतुक करतात. शंकररावांनीही केले आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

मिहिर वेळेवर आला. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक स्टूल ठेवले होते. त्याने कुलूप काढले, मी कापड उलगडले.

आकड्यांची चौकट कोरी होती.

मग मिहिर हळू आवाजात म्हणाला, "ओरिजिनल आहे, काका. दुसरा कुठलाही सेल असता तर चालू असतं. तुम्ही जिंकलात. मी पाटी बदलतो."

जिंकलो होतो. माझ्या हातात चार निळ्या पट्ट्या आणि एक रिकामी राखाडी चौकट होती. मी घड्याळ स्टुलावर तोंड वर करून ठेवले आणि आम्ही वाट पाहू लागलो. गौरक्का कॉफी घेऊन आल्या. कॉफी थंड झाली. चौकट कोरीच राहिली.

"हॉलमध्ये मोठा लॅम्प आहे," मिहिर म्हणाला. "त्याच्याखाली धरू."

"दिव्याच्या उष्णतेने चौकट काळी पडते."

"मग काय करायचं? इथे उजेडच नाहीये!"

"उजेड आहे. पुरेसा नाही."

"मग गोळा करू की!" शंकरराव ओरडले आणि जिना उतरून गेले. परतले ते दुकानातल्या दोन कोऱ्या पराती घेऊन, इतक्या मोठ्या की लग्नाच्या पंगतीची कणीक एकीत मळावी. एक त्यांनी घेतली, एक मिहिरच्या हातात दिली. "धरा हो पुणेकर. ह्या अंगाने मी, त्या अंगाने तुम्ही."

असे आम्ही उभे होतो: दोन माणसे आभाळाकडे पराती उगारून आणि मी मध्ये स्टुलाशी वाकून. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई काम थांबवून पाहत होत्या. परातींतून उजेडाचे फिकट डाग यायचे आणि हलायचे.

"शंकरराव, खाली. आणखी खाली. मिहिर, तुमचा उजेड माझ्या नाकावर पडतो आहे."

"हात दुखतायत, काका."

"अहो, तुमची परात टाकीकडे गेली," गौरक्का म्हणाल्या.

आता ज्यावरून वाद आहे तो क्षण. हवाई दलाच्या तळावरून एक विमान उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले. शंकरराव ते पाहू लागले. त्यांची परात त्या वेळी टाकीला उजेड देत होती. मिहिरने हात दुखतात म्हणून आपली परात गुडघ्याला टेकवली होती. तेवढ्यात स्टुलावर माझ्या हाताची सावली पडली. सकाळपासून त्या गच्चीवर कशाचीही सावली पडली नव्हती. मी हात मागे घेतला. ढग विरळ झाला होता, एवढाच, मलमलीसारखा. पण मागे ऊन होते. आणि चौकटीत काळे काही हलले.

आधी अर्थ नसलेल्या रेघा आल्या, सगळ्या एकदम. मग त्या विझल्या. मला वाटले, संपले. मग आकडे आले. बारा, आणि पुढे दोन शून्ये. मधले दोन ठिपके लुकलुकत होते. कोपऱ्यात वर्षाची पहिली तारीख; पूर्ण उतरलेले घड्याळ उठले की येथूनच मोजू लागते.

"आलं!" मिहिर किंचाळला आणि त्याने परात खाली टाकली. तिचा आवाज साऱ्या पेठेत गेला असावा.

"माझ्या परातीने!" शंकरराव म्हणाले.

त्यांना वाटते तसे नाही, हे मी वर सिद्ध केले आहे.

मिहिरने मोबाइल काढून घड्याळ उठल्याची वेळ पाहून ठेवली. मग भिंग लावून तो माझ्या शेजारी वाकला. वसंतांनी लावलेली वेळ गेली होती. ती पुढे धावणारी वेळ, जिच्यातून आम्ही इतकी वर्षे वजाबाकी करत आलो, ती त्या डब्यात कोणी पाहत नसताना कधीतरी थांबली होती. त्यांचा शब्द मात्र समोर लुकलुकत होता. दोन्हीपैकी एकच ठेवता येणार होते आणि ते मी शुक्रवारी ठरवले होते.

"सेट करून देऊ, काका?" मिहिरचे बोट बटणाकडे गेले.

"हात लावू नका."

पुन्हा पीण्या

शेडमध्ये लोक येऊ लागले होते. मिहिरने घड्याळ दोन्ही हातांत धरून पहिल्या टेबलापर्यंत नेले आणि पाटीच्या बरोबर खाली ठेवले. दिवसभर लोकांची रांग होती. पाहणारा प्रत्येक जण आपल्या मनगटाकडे किंवा मोबाइलकडे पाहायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा, कारण इतर सगळी घड्याळे एक वेळ सांगत होती आणि हे एकटे भलतीच. मिरजेचे ते गृहस्थही तेव्हाच आले.

"मास्तर, वेळ चुकली आहे तुमची."

मी तोंड उघडण्याआधी टेबलापलीकडून मिहिर बोलला. "चुकलेली नाही, सर. ते आज सकाळपासून मोजतंय."

गृहस्थांना कळले नाही. त्यांनी तसे सांगितले नाही आणि मिरजेला येऊन वेळ चुकल्याचे तेवढे सांगितले. म्हणून पुन्हा लिहितो. ते घड्याळ बंद पडले होते आणि कोणाच्याही हाताशिवाय उठले, याची एकच खूण त्याच्या अंगावर होती, आणि ती म्हणजे ती वेळ. ती दुरुस्त केली असती तर ते शेजारच्या टेबलावरच्या कोणत्याही घड्याळासारखे दिसले असते. ज्याला ती चुकीची वाटते त्याने आधी घड्याळ कशासाठी असते याचा विचार करावा.

परतीचा प्रवासही दिवसाउजेडीच केला. शंकररावांनी निघताना एक परात भेट म्हणून बांधून दिली, "आठवण राहू दे, कोणाच्या परातीने काय झालं त्याची." ती आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिच्यात कणीक मळली जाते, तिचे काम तेच आहे.

घड्याळ पूर्वेच्या खिडकीत आहे. साठा अगदी थोडा उरला आहे. एक दिवस जरी अंधारात राहिले तरी ते पुन्हा त्या पहिल्या तारखेपासून सुरू होईल, किंवा होणारही नाही. हे मिहिरला ठाऊक आहे. त्यामुळे तो न सांगता, मनात येईल तेव्हा फोन करतो आणि नमस्काराच्याही आधी विचारतो. परवाही आला.

"काका, आत्ता काय दाखवतंय?"

मी खिडकीशी गेलो आणि तारीख, तास, मिनिटे वाचून दाखवली. पलीकडे तो येलहंक्याच्या गच्चीवर टिपलेल्या वेळेपासून बेरीज करत असावा.

"बरोबर आहे, काका. एकदाही थांबलेलं नाही."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "तू तुझी खात्री करून घे."